वरचा थर उपवासाचा

पिंपरी-चिंचवडमध्ये चैन गुरुवारी करायची असते. बाकीच्या महाराष्ट्राला हे लवकर उमगत नाही. रविवारी सकाळी भोसरी एमआयडीसीतून चक्कर मारा. प्रेस धडधडताहेत, टेम्पो उलटे लावून माल चढतोय, टपरीवर कटिंग घेऊन उभं राहायला जागा नाही. गुरुवारी त्याच रस्त्यावर कुत्री मधोमध आडवी झालेली असतात आणि त्यांना हॉर्न द्यायलाही कुणी नसतं. सगळ्या कारखान्यांची सुट्टी एकाच दिवशी आली तर विजेचा ताळमेळ बसत नाही, म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले. त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. तो आता इतका अंगात मुरलाय की बारशापासून बस्त्यापर्यंत आमचं सगळं गुरुवारी. कुणी रविवारचं आमंत्रण दिलं की आम्ही "रजा टाकावी लागेल" म्हणतो आणि समोरचा आम्हाला तुसडा समजतो.

ज्याने कुणी हा वार नेमला, तो विजेच्या हिशोबात हुशार असेल. पण त्याने घरी विचारलं नसावं. गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा. अर्ध्या घरांत मटण-मासे बंद, उरलेल्या अर्ध्यांत कुणाचा तरी उपास. म्हणजे आठवड्यात ज्या एका दिवशी कर्ता पुरुष दुपारी घरी सापडतो, त्या दिवशी त्याला वरण-भात. रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते तेव्हा हा फर्स्ट शिफ्टला असतो. घरचे गरमागरम जेवून घेतात, याची वाटी झाकून ठेवतात, आणि हा चार-साडेचारला येऊन, ती गरम करून, झोपलेल्या घरात एकटा रस्सा ओरपतो. आमच्या शहराचं दुःख कुणी लिहिलंच, तर या वाटीपासून सुरुवात करावी लागेल.

अशा शहरात माझा भाचा हॉर्सशू घेऊन आला.

तो डेप्युटेशनवर पिओरियाला होता. पिओरिया हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं गाव. माती उपसणाऱ्या पिवळ्या अजस्र यंत्रांमुळे आमच्या पट्ट्यातल्या इंजिनिअरांना ते चांगलं ठाऊक असतं. तिथून स्प्रिंगफील्ड, म्हणजे इलिनॉयची राजधानी, सव्वा तासावर. सव्वा तासात शंभरावर किलोमीटर. हे वाक्य चाकणला नोकरी करणाऱ्या माणसासमोर उच्चारू नये. स्प्रिंगफील्ड दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक अब्राहम लिंकन, जो अध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला जाईपर्यंत तिथे वकिली करत होता. आणि दुसरी हॉर्सशू सँडविच. भाच्याने लिंकनचं घर बाहेरून पाहिलं आणि हॉर्सशू आतपर्यंत.

पदार्थ असा. जाड ब्रेडचे दोन तुकडे भाजून ताटलीत ठेवायचे. त्यावर मांस. त्यावर फ्रेंच फ्राइजचा ढीग. आणि त्या ढिगावर चीजचा गरम सॉस, खालचं काही दिसेनासं होईपर्यंत. वरून दुसरा ब्रेड नाही, म्हणजे सँडविचला झाकण नाही. 1928 साली स्प्रिंगफील्डच्या लेलँड हॉटेलात हे पहिल्यांदा वाढलं गेलं आणि त्याचं श्रेय जो श्वेस्का नावाच्या आचाऱ्याला देतात. हाडाभोवतीने कापलेला हॅमचा तुकडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, फ्राइज म्हणजे नालेचे खिळे, आणि ज्या तापलेल्या धातूच्या ताटलीत ते समोर येई ती ऐरण. अर्धीच भूक असेल तर पोनीशू मागायचा.

हे सगळं भाचा आमच्या हॉलमध्ये सांगत होता तेव्हा शेजारचे काका बसले होते. काकांची हयात फोर्ज शॉपमध्ये गेली. लाल तापलेला गोळा हॅमरखाली घातल्याशिवाय जगात काही आकाराला येतं, यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ऐरण किती डिग्रीला?"

भाच्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने विषय बदलावा म्हणून सांगितलं की कापलेला ब्रेड यंत्रावर तयार करून विकायला सुरुवातही 1928 सालीच झाली, शेजारच्याच मिझुरी राज्यात, चिलिकोथी नावाच्या गावात. काका एकदम सरसावून बसले. "बघ! आधी मशीन लागतं. मग बाकीचे लोक त्यावर नाव कमावतात." त्या क्षणापासून काका प्रकल्पात शिरले आणि मग त्यांना बाहेर काढणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

दिवस ठरला गुरुवार, कारण दुसरा नव्हताच. महिना निघाला मार्गशीर्ष. ज्या वाचकांना यातलं गांभीर्य कळलं नसेल त्यांनी घरातल्या बाईमाणसाला विचारावं. हॉलमध्ये चौरंगावर महालक्ष्मीचा घट मांडलेला, कलशावर नारळ, त्याला मुखवटा, नथ, हार, आणि समोर पाच फळं. त्या देवीच्या नजरेच्या टप्प्यात आमचं स्वयंपाकघर येतं. वास्तुशास्त्राने नव्हे, बिल्डरने दोन भिंती वाचवल्या म्हणून.

"मामी, हॅम राहू दे. नुसतं चिकन?" भाच्याने दबक्या आवाजात विचारलं.

"अरे, देवी बसलीय समोर."

"अंडं?"

बायकोने उत्तर दिलं नाही, फक्त घटाला हळदीकुंकू वाहिलं. हॅमचा प्रश्न असा मिटला. सॉसमध्ये बिअर पडते हे भाच्याला त्या दिवशी सांगायचं धाडसच झालं नाही. ते त्याने मला गॅलरीत नेऊन सांगितलं.

मग मधल्या थरात घालायचं काय? पनीर निघालं, सोयाबीनच्या वड्या निघाल्या, मटारचं कटलेट निघालं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: बटाटेवडा, पण दाबून चपटा केलेला. भाचा म्हणाला, "काका, वर बटाट्याच्या फ्राइज आणि खाली बटाट्याचाच वडा?" काका म्हणाले, "पुरणपोळीत डाळ आणि कटाच्या आमटीतही तीच डाळ. तेव्हा कधी विचारलं होतंस?" अमेरिकेत राहून आलेल्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नसतं.

खरेदीला निघाल्यावर एक गंमत लक्षात आली. या परदेशी पदार्थाचं बिल ऑफ मटेरियल लिहून काढलं, तर सगळे वेंडर पुणे-नाशिक रस्त्यावरच निघतात. कांदा चाकणचा, तिथल्या शनिवारच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोण्यांमधून वाट काढणं हा वेगळाच व्यायाम आहे. कारखाने आले, गाड्या आल्या, जर्मन आणि कोरियन पाट्या आल्या, तरी चाकण म्हटल्यावर जुन्या माणसाला अजून आधी कांदाच आठवतो. पुढे मंचरला चीज. पराग मिल्क फूड्सचा मोठा कारखाना तिथेच आहे, 1992 साली सुरू झालेली ही कंपनी ‘गोवर्धन’चं तूप आणि ‘गो’चं चीज विकते. आणि मंचरच्या आतल्या अंगाला, आंबेगाव तालुक्यातच, सातगाव पठार. तिथे पावसाच्या भरवशावर खरिपात बटाटा घेतात. पठारावरची मंडळी जूनच्या पहिल्या पावसाकडे डोळे लावून बसतात आणि गणपती-नवरात्राच्या सुमाराला बटाटा काढतात. म्हणजे स्प्रिंगफील्डच्या त्या आचाऱ्याला नाशिक फाट्यावर एसटीत बसवून दिलं असतं, तर मंचरला उतरेपर्यंत त्याची पिशवी भरली असती. हॅमचं मात्र त्याने स्वतःचं स्वतः बघायचं.

बटाट्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. फ्राइजला लागणारा बटाटा कोरडा पाहिजे, म्हणजे त्यात पाणी कमी आणि पिठूळपणा जास्त. आणि तो फ्रीजमध्ये ठेवलेला नको. बटाटा फार थंडीत राहिला की त्याच्यातला स्टार्च साखरेत बदलायला लागतो. असा बटाटा तळला की बाहेरून लगेच करपट तांबूस, आतून कच्चा, आणि चवीला जराशी कडसर गोडी. शीतगृहातून आलेला माल विकणारा भाजीवाला हे सांगत नाही, आणि त्याला विचारायचंही नसतं. बटाटा हातात घ्यायचा, नखाने साल खरवडायची, आणि भाजीवाल्याने "ओ साहेब" म्हणेपर्यंत निवडत राहायचं. घरी आणून पाटीत, काळोखात ठेवायचा. आमच्याकडे पाटी फ्रीजच्या शेजारी असते, त्यामुळे कुणीतरी प्रेमाने बटाटे फ्रीजमध्ये टाकतंच. काकांनी त्या पाटीवर चिठ्ठी डकवली: ‘मटेरियल होल्ड. हलवू नये.’ खाली सही आणि तारीख.

कापायच्या वेळी काका घरी जाऊन व्हर्निअर घेऊन आले.

मी स्वतः एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. लोकांना वाटतं क्वालिटीवाला माणूस घरीही तसाच वागत असेल. उलट आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलून आलेला माणूस घरी भाजी अंदाजाने चिरतो, त्याला तेवढीच मोकळीक. पण रिटायर झालेल्या माणसाचं तसं नसतं, त्याच्याकडे मोजायला कारखाना उरलेला नसतो. काकांनी दहा मिलिमीटर ठरवले, अधिक-उणे अर्धा. पहिली सळई कापून मोजली, दुसरी कापून मोजली. तिसरीला भाच्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "काका, सॅम्पलिंग करा. शंभर टक्के तपासणी नको." यावर दोघांमध्ये जी चर्चा झाली ती इथे देत नाही, ज्यांनी कुठल्याही कंपनीत ऑडिटच्या आदल्या दिवशी हजेरी लावली आहे त्यांना ती तोंडपाठ असेल.

कापलेल्या सळ्या थंड पाण्यात भिजवायच्या, वरचा स्टार्च धुऊन निघाला पाहिजे, नाहीतर एकमेकांना चिकटतात. मग फडक्यावर पसरून अगदी कोरड्या करायच्या. ओली सळई तेलात गेली की तेल अंगावर येतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि तळणी दोनदा. पहिली दीडशे-एकशे साठ डिग्रीच्या आसपास, रंग येऊ न देता, फक्त आतून शिजेपर्यंत. मग बाहेर काढून निवू द्यायच्या. दुसरी तळणी खायच्या वेळी, तेल एकशे ऐंशीच्या वर नेऊन, झटपट, कुरकुरीत होईपर्यंत. काकांनी खिशातून टेंपरेचर गन काढली आणि कढईवर रोखली. बायको देवघराकडून येत होती. नवऱ्याच्या वयाचा माणूस आपल्या कढईवर बंदूक धरून उभा आहे, हे पाहून ती दारातच थबकली.

इथे उपासाचं तंत्र पुढे आलं. बटाटा उपासाला चालतो. शेंगदाण्याचं तेल चालतं. सैंधव चालतं. म्हणजे फ्रेंच फ्राइज हा शास्त्रोक्त उपासाचा पदार्थ आहे. फ्रान्सला कळलेलं नाही एवढंच. पण त्या तेलात एकदा बेसनाचा वडा पडला की ते तेल बाटलं. त्यामुळे सगळ्या प्रक्रियेचा क्रम बदलावा लागला. ताजं तेल, त्यात आधी मामीचा लॉट, दोन्ही तळण्या पूर्ण, सैंधव भुरभुरून वेगळ्या ताटलीत. मगच बाकीच्यांच्या सळ्या आणि सगळ्यात शेवटी वडे. म्हणजे त्या सँडविचचा वरचा थर उपासाचा, मधला उपास मोडणारा आणि खालचा मैद्याचा. एवढी समंजस रचना मी दुसऱ्या कुठल्या परदेशी पदार्थात पाहिलेली नाही. सॉस ओतायच्या आधी माणसाने वेळेवर उठावं, इतकंच.

सॉसची गोष्ट मात्र नाजूक. मूळ सॉस म्हणजे इंग्रजांच्या वेल्श रेअरबिटचा भाऊबंद. लोणी वितळवायचं, त्यात तेवढाच मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग दूध थोडं थोडं, गुठळ्या मोडत. मिश्रण पळीला धरायला लागलं की गॅस बंद, आणि मगच किसलेलं चीज. चीज घातल्यावर उकळी आणली की संपलं. चेडरसारखं नैसर्गिक चीज जास्त तापलं की त्यातली प्रथिनं आवळून धरतात, आतली स्निग्धता बाहेर फेकतात, आणि सॉसचा चुरा होऊन वर तेल तरंगतं. डब्यातलं प्रोसेस्ड चीज त्या मानाने शहाणं, कारण त्यात सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात, ते स्निग्धता आणि पाणी यांची फारकत होऊ देत नाहीत. आम्ही दोन्ही मिसळली: चवीला एक, शिस्तीला एक.

राहिली बिअरची जागा. भाच्याने शेवटी कबूल केलं की मूळ कृतीत ती असते. जरासा कडवटपणा आणि जरासा आंबटपणा यावा म्हणून. काका म्हणाले, "आंबट पाहिजे ना? मग ताक." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी गरम सॉसमध्ये अर्धी वाटी ताक ओतलं. पुढचं सगळं डोळ्यांदेखत झालं. एकीकडे पांढुरके कण, एकीकडे पिवळट पाणी. काका वाकून बघत राहिले. फोर्ज शॉपमध्ये असतं तर म्हणाले असते की तापवून पुन्हा हॅमरखाली घाला. इथे रिवर्क शक्य नव्हतं, लॉट रिजेक्ट. त्या रिजेक्शनची दुसऱ्या दिवशी बायकोने कणकेत घालून धपाटी केली, ती चांगली झाली होती. कारखान्यांनी घरांकडून काही शिकायचं असेल तर ते हे.

दुसऱ्या घाण्याला बायको स्वतः उभी राहिली. उपास असल्यामुळे चाखायचा प्रश्न नव्हता, पण जी बाई वर्षानुवर्षं न चाखता नैवेद्याचा स्वयंपाक करते, तिला चीज सॉसचं काय कौतुक? तिने फेसलेली मोहरी घातली. लोणच्यात घालतो तीच, थोड्या पाण्यात खलून नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसलेली. भाचा म्हणाला, "मामी, अगदी बरोबर, तिकडेही मोहरीच घालतात." मामी म्हणाली, "मग घालणारच. न घालून सांगतात कुणाला?" मोहरीने चव तर आलीच, पण दूध-लोणी-चीज एकत्र धरून ठेवायलाही तिची मदत होते. वरून लाल तिखटाची चिमूट. सॉस पळीवरून रेशमी पट्टा सुटावा तसा पडायला लागला.

आता सगळं तयार आणि मेहुणा आलेला नाही.

मेहुणा चाकणला एका मोठ्या गाडीवाल्या कंपनीत. त्या कंपन्यांचं कॅलेंडर वेगळं, त्यांना आमचा गुरुवार लागू नाही. फर्स्ट शिफ्ट सुटून तो निघाला आणि तळेगाव चौकात अडकला. 1660 साली शाइस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला दोन महिन्यांच्या आसपास लागले. फिरंगोजी नरसाळ्यांनी मोजक्या माणसांनिशी तो झुंजवला. शाळेत हे वाचताना आपण अर्थातच फिरंगोजींच्या बाजूने होतो. तळेगाव चौकात संध्याकाळच्या वेळी कंटेनरच्या मागे उभं राहिलं की खानाच्या बाजूचंही थोडं समजायला लागतं.

जगभरातल्या मोटार कंपन्या जस्ट इन टाइमचं कौतुक करतात. पार्ट लाइनवर पोचायचा तो नेमका लागेल तेव्हाच, ना आधी ना नंतर. हे तत्त्व जपानमध्ये जन्मलं, कारण जपानमध्ये आंबेठाण चौक नाही. आमच्याकडे प्रत्येक वेंडर चार तास आधी ट्रक काढतो आणि रस्त्यालाच गोदाम करतो. हॉर्सशू हा मात्र खराखुरा जस्ट इन टाइम पदार्थ आहे. सॉस ओतल्यापासून ब्रेड भिजायला लागतो, फ्राइज मऊ पडायला लागतात. सगळा खेळ काही मिनिटांचा. पण त्या 1928च्या माणसांनी नकळत एक सोय करून ठेवली आहे: दोनदा तळायच्या फ्राइज पहिल्या तळणीनंतर तासभर बिनतक्रार थांबतात. अर्धा तयार माल म्हणून रॅकवर ठेवता येतो. मेहुणा मोशीला पोचल्याचा फोन आला तेव्हा काकांनी कढईवर पुन्हा बंदूक रोखली.

आणि मग प्रश्न आला ताटाचा.

आमच्या शहरातल्या बहुतेक पुरुषांचं आयुष्यातलं अर्धं जेवण कॅन्टीनच्या खाचे पाडलेल्या स्टीलच्या ताटात झालेलं असतं. भाताला मोठा खाचा, भाजीला एक, उसळीला एक, कोशिंबिरीला चिमुकला, गोडाला त्याहून चिमुकला, आणि गोड नसेल त्या दिवशी तिथे लोणचं. दाल वाटीत. रांगेत ताट पुढे धरायचं, पळी येते, पदार्थ आपापल्या खाच्यात पडतो. भाजीने भाताच्या हद्दीत जायचं नाही. एखादा नवा वाढपी भसकन उसळ ओतून हद्द मोडतो तेव्हा मी मोठमोठ्या माणसांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत. त्यावरून कॅन्टीन कमिटीची मीटिंग लागलेली पाहिली आहे. अशा तालमीत तयार झालेल्या माणसापुढे एकच ताटली ठेवून, तळापासून शेंड्यापर्यंत सगळं एकमेकांच्या अंगावर रचून, त्यावर सॉसचा पूर सोडायचा, याला धैर्य लागतं. लोक या पदार्थाला कॅलरींमुळे घाबरतात म्हणे. आमच्याकडे वडापावावर वाढलेल्या माणसाला कॅलरींचं भय कधीच नव्हतं. भय होतं ते खाचे नसल्याचं.

काकांनी बिडाचा तवा गॅसवर तापवला, सांडशीने उचलून पाटावर ठेवला. ब्रेड आधीच लोण्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजलेला. त्यावर चपटे वडे, त्यावर चाकणचा कांदा बारीक चिरून. ही भर मेहुण्याची, त्याने हेल्मेट काढायच्या आधी सुचवलेली. मग फ्राइजचा ढीग. मग भाच्याने दोन्ही हातांनी भांडं उचलून सॉस ओतला. तव्याच्या कडेला पोचलेला सॉस चर्रर्र करून कडक झाला आणि एकदम सगळ्या घरात भाजलेल्या चीजचा वास. हॉलमधला घट, त्याचा हार, अगरबत्ती, सगळ्यांवर त्याने मात केली. बायकोने देवीकडे एकदा पाहिलं आणि आपली वेगळी ताटली घेऊन शांतपणे सैंधवाच्या फ्राइज खात बसली. त्या कुरकुरीत होत्या. त्या दिवशी शेवटपर्यंत कुरकुरीत राहिलेल्या फ्राइज फक्त तिच्याच.

चव चांगली होती, यात वाद नाही. पहिले चार-पाच घास तर असे की कुणी बोललं नाही, आणि आमच्या घरात हे सहसा घडत नाही. मोहरी नाकात जात होती, वड्यातली लसूण-मिरची सॉसला पुरून उरत होती. पण मग काट्याने ब्रेड तुटेना. वरचा भाग लगदा, खालचा तव्याला धरलेला. मेहुण्याने काटा बाजूला ठेवला, बोटांनी ब्रेडची कड तोडली, त्याने सॉस पुसला, त्यात दोन फ्राइज गुंडाळल्या आणि तोंडात टाकलं. सगळ्यांनी ते पाहिलं. मग कुणीच काटा उचलला नाही.

खाता खाता काका म्हणाले, "ही मिसळ आहे."

आणि ती होतीच. तळलेलं काहीतरी कुरकुरीत, त्यावर ओतायचं काहीतरी गरम आणि तिखटसर, मधे एक दमदार पदार्थ, वर कच्चा कांदा, आणि सोबत पाव. चिंचवडगावातल्या नेवाळे मिसळीसमोर सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हॉर्सशूची कृती वाचून दाखवली तर तो म्हणेल, बरं, मग नवीन काय? फरक एकाच ठिकाणी आहे. आपण पाव बाजूला ठेवला. हवा तेव्हा, हवा तेवढा बुडवायचा. बुडवायचा नसेल तर कोरडा खायचा. आणि रस्सा संपला तर पुन्हा मागायचा. स्प्रिंगफील्डकरांनी पाव तळाशी घातला, वर सगळा संसार रचला, आणि शतक होत आलं तरी तो तिथे भिजतोच आहे. काकांच्या भाषेत, डिझाइनचा दोष. उत्पादनाचा नाही.

भाचा थोडा हिरमुसला. पण त्यानेही दुसऱ्यांदा घेताना ब्रेड कडेला ठेवला, आणि सॉसचं भांडं सरळ मधे ओढलं.

तेव्हा घरी करून बघणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच. ब्रेड वेगळा द्या, कडक भाजून. बटाटा फ्रीजमधला घेऊ नका. चीज घातल्यावर उकळी आणू नका, आणि काही झालं तरी ताक नको. गुरुवार असेल तर उपासवाल्यांचा लॉट आधी काढा. आणि आमच्याकडे खायला यायचं असेल तर जरूर या. फक्त चाकणहून निघाल्याचा फोन करू नका, त्याला काही अर्थ नसतो. मोशी ओलांडून स्पाइन रोडला लागलात की करा. दुसरी तळणी तेव्हाच सुरू होते.